अमॉसची भिंत

ईस्टरच्या आधीचा आठवडा उजाडला, की थर्झा कॅटरमोल डोक्याला रुमाल बांधून, शिडी आणि रंगाचा डबा घेऊन चर्चमध्ये शिरायची. उत्तरेकडच्या भिंतीला वर्षभरात पोपडे धरलेले असायचे. कुठे हिरवट डाग, कुठे मिठासारखी पांढरी पूड. थर्झा ते सगळं खरवडायची, वरून दुकानातला चकचकीत पांढरा प्लॅस्टिक रंग दोन हात मारायची आणि लांब उभी राहून म्हणायची, "झालं बाई. यंदाचं पार पडलं." ईस्टरच्या रविवारी भिंत अशी झळकायची, की बायका एकमेकींच्या टोप्या बघायच्या सोडून भिंतीकडे बघत बसायच्या. मे महिना संपेपर्यंत तीच भिंत पुन्हा घाम गाळायला लागायची.

ही ओल का येते, यावर आमच्या वेल्डनहॅम गावात जितकी डोकी तितकी मतं. खाडी जवळ आहे ना, असं मासेमार म्हणायचे. उत्तरेला ऊन नाही, असं शेतकरी म्हणायचे. ऑर्गन वाजवणाऱ्या मिसेस लिंगवुड म्हणायच्या, की हल्ली माणसंच येत नाहीत, मग भिंतीला ऊब कुठून मिळणार? मग कुणी हीटर दिला, कुणी छपराची पन्हळ बदलून दिली, आणि बाहेरून कुठे बारीक चीर दिसली की कुणीतरी उठून तिथे सिमेंटचा लपका मारून यायचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्या भिंतीला बाहेरून जो जाड, करडा, गुळगुळीत सिमेंटचा गिलावा होता, त्याच्यामुळेच तर ओल येत नसेल ना, असं विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती. कारण तो गिलावा अमॉस कॅटरमोलने केलेला होता, आणि अमॉस म्हणजे थर्झाचा बाप.

खरं सांगायचं तर आमचं सेंट बोटॉल्फचं चर्च चुकांवर चुका रचूनच उभं राहिलेलं आहे, आणि हे मी याच गावचा असून म्हणतो. आमच्या किनाऱ्यावर बांधायला दगड नाही. शेतात नांगर घातला की गारगोट्या निघतात, तेवढीच देवाची कृपा. गारगोटीला कोपरा काढता येत नाही, म्हणून पहिल्या लोकांनी बुरूज गोल बांधला, विहीर उपटून जमिनीवर उभी करावी तसा. गारगोट्या आणि चुना, चुना आणि गारगोट्या. पुढे लोकरीच्या धंद्यात पैसा आला आणि त्यांच्या पणतवंडांना अंधार सोसेना. त्यांनी जाडजूड भिंती फोडून एवढाल्या खिडक्या बसवल्या. नाकापेक्षा मोती जड झाला आणि दक्षिणेची भिंत बाहेर झुकली. मग तिला बाहेरून धिरे दिले. उत्तरेला आणखी एक दालन काढायला घेतलं, तोवर मरी आली आणि गवंडीच उरले नाहीत. त्या दालनाचा पाया अजून गवतात पायाला लागतो. नंतर धर्माच्या भांडणात कुणीतरी शिडी लावून छतातल्या लाकडी देवदूतांची तोंडं छाटून टाकली. यातला एकही माणूस चर्चचा वैरी नव्हता. तोंडं छाटणारासुद्धा देवाचंच काम समजून शिडी चढला होता.

अमॉसची पाळी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली. थर्झा नऊ वर्षांची असताना, जानेवारीच्या शेवटच्या रात्री समुद्र बांध फोडून गावात आला. त्या रात्रीबद्दल आमच्याकडची जुनी माणसं अजूनही फारशी बोलत नाहीत. अमॉस गवंडी होता. वसंतभर तो फुटलेल्या बांधावर राबला, आणि तिथे त्याने पाहिलं, की सिमेंट ओतलं की समुद्रसुद्धा बाहेर थांबतो. काम संपल्यावर उरलेल्या गोणी ठेकेदाराने गावाला देऊन टाकल्या. अमॉसने त्या हातगाडीवर घालून चर्चकडे नेल्या. उत्तरेच्या भिंतीवरचा जुना चुना भुसभुशीत झाला होता, त्यावर शेवाळ धरलं होतं. "जे समुद्राला थोपवतं, ते पावसाला नाही थोपवणार होय?" असं तो म्हणाला, आणि साऱ्या गावाने माना डोलावल्या. तो उन्हाळा त्याने दिवसभराचं काम संपवून रोज संध्याकाळी परांचीवर काढला, एक पैसा न घेता. थर्झा चहाची किटली आणि उकडलेल्या पिठाचे गोळे घेऊन जायची आणि खाली गवतात बसून वर बघायची. भिंत पुरी झाली. पाद्र्याने रविवारी अमॉसचं नाव घेऊन आभार मानले. नोव्हेंबरात त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. त्याला त्याच भिंतीच्या पायथ्याशी पुरलं. वर दगड बसवायचा का, असं विचारलं तेव्हा थर्झाची आई म्हणाली, "एवढी मोठी भिंत आहे की. आणखी दगड कशाला?"

थर्झा मोठी झाली, शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि तिथेच मुख्य स्वयंपाकीण होऊन निवृत्त झाली. आमच्या अर्ध्या गावाने तिच्या हातचा रूबार्बचा गोड पदार्थ आणि तिच्या तोंडची बोलणी खाल्लेली आहेत. लग्न ठरता ठरता राहिलं. सिरिल मॉय नावाचा एक मालट्रकवाला होता, चांगला माणूस. त्याला इप्सविच शहरात जाऊन राहायचं होतं.

"आणि चर्चकडे कोण बघणार?" थर्झाने विचारलं.

"चर्च शेकडो वर्षं तुझ्याशिवाय उभं होतं, थर्झा."

"उभं होतं, पण कोरडं नव्हतं."

"आता तरी कुठे कोरडं आहे?" सिरिल म्हणाला, आणि तिथेच त्यांचं बिनसलं.

पुढे चर्चची व्यवस्था बघणाऱ्या दोन माणसांत तिची निवड झाली. दुसरं माणूस बदलत राहिलं, थर्झा तिथेच राहिली. लग्नाचे फोटो काढायला आलेला माणूस बाकावर बूट घालून चढला, तर ती सरळ त्याचा पाय धरून खाली ओढायची. पाहुण्यांना चर्च दाखवताना गोल बुरूज दोन वाक्यांत उरकायची आणि मग सगळ्यांना वळसा घालून उत्तरेला न्यायची.

पंचाहत्तरीला आली त्या वर्षी ईस्टरलाच घात झाला. रविवारची प्रार्थना चालू होती, दुसरं गाणं अर्ध्यावर आलं होतं, आणि नव्या रंगासकट दरवाजाएवढा पोपडा भिंतीवरून सुटला आणि धाडकन बाकावर कोसळला. बाक रिकामं होतं; रिकामी बाकं आमच्याकडे भरपूर. धूळ खाली बसली तेव्हा मागची भिंत दिसली, काळी, ओलीचिंब, आणि ओल्या तळघराचा वास सगळीकडे पसरला. मिसेस लिंगवुड ऑर्गन वाजवतच राहिल्या, कारण त्यांना ऐकू कमी येतं.

आठवडाभरात बिशपच्या कार्यालयाचा माणूस येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं साधं होतं: पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत भिंत सुधारा, नाहीतर चर्चला कुलूप. आमच्या पाद्रीणबाई फिलिपा नन यांच्याकडे एकूण सात गावं. त्या बिचाऱ्या एका गावचा बाप्तिस्मा उरकून दुसऱ्या गावच्या अंत्यविधीला धावत असतात. त्यांनी जुन्या भिंतींचं काम करणारी एक बाई शोधून आणली, ब्रायनी पास्क. पस्तिशीची, केसांत चुना, नखांत चुना, आणि तिची गाडी कधी काळी कुठल्या रंगाची होती हे सांगणं अवघड.

ब्रायनीने हातोडीने बाहेरून ठकठक केलं, आतून ठकठक केलं, कान लावला आणि म्हणाली, "बाहेर सिमेंट, आत प्लॅस्टिकचा रंग. भिंतीला रेनकोट घातलाय आणि वर तोंडावर पिशवी बांधलीय."

"रेनकोट माझ्या बापाने घातलाय," थर्झा म्हणाली.

पाद्रीणबाई हळूच बुरुजाकडे बघायला लागल्या.

"मग चांगल्या मनानेच घातला असणार," ब्रायनी म्हणाली.

"चांगल्या मनाचं सर्टिफिकेट तुझ्याकडे मागायला आलेलं नाही कुणी. तू ओलीचं सांग."

"तेच सांगतेय, मिस कॅटरमोल. चुन्याची भिंत पावसाचं पाणी पिते आणि वारा आला की सोडून देते. कायमची हेच करते ती. सिमेंट सोडू देत नाही. त्याला कुठे ना कुठे केसाएवढी चीर जातेच, तिच्यातून पाणी आत जातं, आणि मग बाहेर यायला वाटच नाही. हे सगळं काढावं लागेल."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

शेवटी पाद्रीणबाईंनी रदबदली केली: सगळं राहू दे, ताटाएवढा एकच तुकडा काढून बघू. थर्झा म्हणाली, "काढा. हातच्या काकणाला आरसा कशाला? आत ठणठणीत निघेल, मग हिला माझी माफी मागायला लावा."

ब्रायनीने छिन्नी लावली. सिमेंट इतकं घट्ट होतं, की ठिणग्या उडाल्या. तेवढ्यातही थर्झाला अभिमान वाटला, हे तिने मला नंतर सांगितलं. मग तो तुकडा एकदम निघून आला. मागे गारगोट्या होत्या, आणि त्यांच्यामधला चुना ओटच्या लापशीसारखा झालेला. ब्रायनीने बोट घातलं तर बोट आत गेलं. आणि त्या भोकाच्या तळाशी पाणी जमलं, काठावरून ओघळलं आणि खाली अमॉसच्या गवतावर ठिबकायला लागलं.

"परवा पाऊस पडलाय," थर्झा म्हणाली.

"परवा कुठे पडलाय?" पाद्रीणबाई म्हणाल्या. "शेतकरी बोंबलताहेत पावसासाठी."

"हे परवाचं पाणी नाहीच," ब्रायनी म्हणाली. ती हे दुष्टपणाने म्हणाली नाही.

त्या दिवशी थर्झा न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर भोक ठिबकतच होतं. तिसऱ्या दिवशीही. ती रोज जायला लागली. कुणी रस्त्यात भेटलं की म्हणायची, "फुलांना पाणी घालायला चाललेय," आणि हातात झारी नसायची. हळूहळू ठिबकणं थांबलं. वारा त्या भोकात शिरत होता. मग एका सकाळी ती आत गेली आणि भिंतीच्या त्याच जागी आतून तळहात टेकवला. तिथला रंग आपोआप गळून पडला होता, आणि एका परातीएवढी जागा कोरडी होती. वर थंड, खाली थंड, बाजूला थंड आणि ओलं, आणि मध्ये तेवढीच जागा कोरडी, हाताला खरखरीत लागणारी.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिला संताप आला. आयुष्यभरात ही भिंत कोरडी लागलेली तिला ठाऊक नव्हती, आणि ती कोरडी व्हायला बापाचं काम फोडावं लागलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, बापाने निदान एकदाच केलं होतं. ती दर ईस्टरला शिडीवर चढून त्या ओलीवर आतून झाकण लावत आली होती, आणि लांब उभी राहून स्वतःचं कौतुक करत आली होती. ती बाकावर बसली आणि एकटीच रडली. मग तोंड पुसून बाहेर आली आणि मिसेस लिंगवुडला म्हणाली, की ऑर्गनवर धूळ बसली आहे, लाज वाटू द्या.

बैठक जूनमध्ये गावच्या सभागृहात झाली. सगळे आले. बैठकीला इतकी माणसं आमच्याकडे एकदाच आली होती, पबचा परवाना जायची वेळ आली होती तेव्हा. ब्रायनीने काय करावं लागेल ते सांगितलं. पाद्रीणबाईंनी मतं मागितली. हात कुणीच वर करेना. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, आणि मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणून एकमेकांना कोपराने ढोसत होते.

"थर्झा म्हणेल तसं," शेवटी कुणीतरी पुटपुटलं, आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

थर्झा उभी राहिली. "मी आंधळी नाही," ती म्हणाली. "भोक मी रोज बघतेय. भिंत कशाने सडलीय ते मला कळलंय. पण माझ्या बापाचं या जगात दुसरं काही शिल्लक नाही. त्याचा धड फोटोसुद्धा नाही. ते फोडा, असं माझ्या तोंडून निघणार नाही. मी बाहेर जाऊन उभी राहते. तुम्ही काय ते ठरवा, मी कुणावर राग धरणार नाही."

ती राग धरेल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पुन्हा सगळे बुटांकडे बघायला लागले.

"खाली बस, पोरी," मागून आवाज आला. तो विल्फ थर्टल होता. जुना मासेमार, पाय गेलेले, पुतणीने चाकाच्या खुर्चीतून आणलेला. अमॉसच्या हाताखाली त्या उन्हाळ्यात सिमेंट कालवायला जे दोघंतिघं तरणे होते, त्यांतला हा एकच उरला होता.

"मी पोरगी नाही, विल्फ. पंचाहत्तर वर्षांची आहे."

"मी सत्त्याऐंशीचा. म्हणून म्हणतो, खाली बस."

ती बसली. विल्फने घसा खाकरला.

"पाणी आलं त्या रात्री अमॉस आणि मी एका होडीत होतो. खालच्या गल्लीत म्हातारी मिसेस गेझ एकटी राहायची. आम्ही पोचलो तेव्हा तिची हाक येत होती. दार पाण्याने आतून दाबलेलं, उघडेना. अमॉस खिडकी फोडून आत उतरला. पाणी छातीला लागलं, मग गळ्याला. तो जिन्यापर्यंत पोचेस्तोवर हाक थांबली. त्यानंतर तो धड झोपलाच नाही. तुझ्या आईला विचारायला हवं होतं, तिला ठाऊक होतं. तो रोज संध्याकाळी परांचीवर चढायचा ते काय चर्चच्या प्रेमाने? असेल, तेही असेल. पण एकदा अंधार पडला तरी हा थापी खाली ठेवीना. मी म्हटलं, अमॉस, पुरे की आता. तर म्हणाला, 'विल्फ, या गावात एक तरी जागा अशी पाहिजे, जिथे पाणी शिरणार नाही.'"

थर्झा खुर्चीत वळून त्याच्याकडे बघायला लागली.

"त्याला भिंत नको होती गं," विल्फ म्हणाला. "त्याला पाणी बाहेर पाहिजे होतं. आता तूच सांग, पाणी कुठे आहे?"

"आत," थर्झा म्हणाली.

"मग? तो आज असता, तर बैठक बोलावून हात मोजत बसला असता का? छिन्नी घेऊन कधीच गेला असता."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" थर्झाने विचारलं.

"तू नऊ वर्षांची होतीस. मग दहाची झालीस. मग मोठी झालीस. दर वेळी वाटायचं, आता फार उशीर झाला." विल्फने डोळे पुसले आणि लगेच चिडल्यासारखं म्हणाला, "आणि पहिला घाव मी घालणार. सिमेंट मी कालवलंय ते."

"तुझ्याच्याने चहाचा कप उचलवत नाही."

"मग एक हात तू लाव."

तिने लावला. आठवड्याभराने, सारं गाव कबरींमधल्या गवतात उभं असताना, थर्झा विल्फच्या खुर्चीला खेटून उभी राहिली आणि दोघांनी मिळून हातोडा धरला. घाव असा काही खास बसला नाही, टवकाच उडाला. पण त्यानंतर ब्रायनी आणि तिची माणसं परांचीवर चढली. मग मात्र सिमेंट मोठमोठ्या लाद्यांनी निघायला लागलं, कारण मागे त्याला धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. दर लादीमागून ओलाव्याचा भपकारा यायचा. थर्झा एकही दिवस चुकली नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक लादी पडली की ती डोळे मिटायची. चौथ्या दिवशी ती ब्रायनीला खालून ओरडून सांगत होती, "डावीकडे राहिलंय! तिथे, खिडकीखाली! डोळे आहेत का गारगोट्या?"

सगळं निघाल्यावर भिंत पहिल्यांदा दिसली. गारगोट्यांच्या ओळी, एक ओळ डावीकडे कललेली, वरची उजवीकडे, धान्याच्या लोंबीसारख्या. मधे एक ओळ चुकून सरळ गेलेली होती. ब्रायनी त्या ओळीवर हात ठेवून म्हणाली, "हा गवंडी त्या दिवशी प्यायलेला असणार." मग थर्झाकडे बघून म्हणाली, "शंभर वर्षांनी माझ्याही कामाला कुणीतरी शिव्या घालेल, मिस कॅटरमोल."

"मी असले तर मीच घालेन," थर्झा म्हणाली. "आणि मला थर्झा म्हण."

हिवाळाभर भिंत तशीच उघडी ठेवली, वारा खात. छपराला पुढे पत्रे लावून पाऊस तेवढा अडवला. थर्झाने आतला रंग स्वतः खरवडला, अगदी बारीक कोपऱ्यापर्यंत, आणि ईस्टरला भिंत डागाळलेली, विद्रूप, पण कोरडी होती. त्या रविवारी ती पहिल्यांदा हात रिकामे घेऊन चर्चमध्ये बसली. सारखी चुळबुळ करत होती.

थंडी सरल्यावर चुना आला. चुन्याचं काम आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या पिढीला सिमेंटच माहीत. तो गिलावा लावून मोकळं होता येत नाही. वाळायची घाई झाली तर तो तडकतो. ओली गोणपाटं टांगून त्याला झाकायचं, गोणपाट सुकलं की पुन्हा भिजवायचं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आठवडेच्या आठवडे. ब्रायनीला आणखी तीन ठिकाणी कामं होती. तेव्हा पाळ्या लागल्या.

आणि इथे आमच्या गावाने मलाही चकित केलं. लग्नाला आणि मरणाला सोडून चर्चची पायरी न चढणारे लोक पाण्याची झारी घेऊन उभे राहिले. पबवाला सकाळी गल्ला उघडायच्या आधी येऊन गोणपाट भिजवायचा. लंडनहून येऊन फक्त शनिवार-रविवार राहणारं एक जोडपं होतं, ज्यांच्याशी दोन वर्षं कुणी धड बोललं नव्हतं. त्यांनी शुक्रवारची पाळी मागून घेतली, आणि शुक्रवारची पाळी घेतली म्हणून गुरुवारीच यायला लागले. देव वगैरे सब झूट म्हणणारा शिक्षक नॉर्मन टाय दुपारची पाळी करायचा. "मी चुन्यावर विश्वास ठेवतो," असं तो सांगायचा. पाळी झाली की माणसं लगेच घरी जात नसत. तिथेच गवतात बसून बोलायची, कुणी केक आणायचं, कुणाच्या गुडघ्याची चौकशी व्हायची. त्यातली बरीचशी रविवारी आत येऊन बसायला लागली. काही नुसती आतून भिंत बघायला, पण बसली तर खरी.

सप्टेंबरात बिशपच्या कार्यालयाचा तोच माणूस आला. त्याने आतून भिंतीला हात लावला, बाहेरून लावला, पुन्हा आत जाऊन लावला. मग बाकांवर ठेवलेल्या उशा, कपबशा आणि कुणाचं तरी विसरलेलं विणकाम बघितलं आणि म्हणाला, कुलपाचा विषय संपला. थर्झा त्याला म्हणाली, "पाय पुसून आलात ना?"

शेवटची गोणपाटं त्या संध्याकाळी उतरवली. नवी भिंत ताज्या लोण्याच्या रंगाची होती, जरा उंचसखल, कारण खालच्या गारगोट्या जशा तशी ती. थर्झा, ब्रायनी, विल्फ आणि आणखी चारसहा जण उत्तरेच्या गवतात चहा पीत बसले होते. ब्रायनीने सहज विचारलं, "थर्झा, तुमचे बाबा होते तरी कसे?"

आजवर हा प्रश्न कुणी केला, की थर्झा भिंतीकडे बोट दाखवायची. एवढंच तिचं उत्तर असायचं. सवयीने तिचा हात वर गेला. समोर ब्रायनीचा चुना होता. तिने हात खाली घेतला. आम्हाला वाटलं, आता ही उठून जाते.

"हंसांना भ्यायचे," ती म्हणाली.

"कोण, अमॉस?" नॉर्मन म्हणाला.

"भयंकर. खाडीवर एक नर होता, तापट. बाबा खांद्यावर शिडी घेऊन सगळ्या कुरणाला वळसा घालून यायचे, पण त्याच्या बाजूने जायचे नाहीत. मी चहा घेऊन गेले एकदा, तर तो हंस इथे कबरींमध्ये आलेला, आणि बाबा त्या कुंपणाच्या भिंतीवर चढून बसलेले, हातात थापी. मला ओरडून सांगताहेत, 'थर्झा, पळ! पळ!' मी किटलीचं झाकण काढलं आणि ते किटलीवर आपटत हंसाच्या अंगावर धावले. गेला तो. मग बाबा खाली उतरले, पँट झटकली आणि म्हणाले, 'घरी सांगू नकोस हं आईला.'"

"आणि सांगितलंस?" नॉर्मनने विचारलं.

"छे. कुणालाच नाही. आज सांगतेय."

"तू नसशील सांगितलं," विल्फ खुर्चीतून म्हणाला. "त्याने सांगितलं ना. दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांना. मग पबमध्ये. नंतर महिनाभर, सिमेंट मागता मागता, मलाच पुन्हा पुन्हा. 'विल्फ, माझी पोरगी हंसाला भीत नाही. मी भितो, पण माझी पोरगी भीत नाही.' कान किटले होते माझे."

"असं म्हणायचे?" थर्झा म्हणाली.

"रोज."

थर्झाने कप खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत. मग तिला भिंतीवर चढून बसलेला तो माणूस पुन्हा दिसला असावा, कारण तिच्या पोटातून हसू फुटलं, आधी दबकत आणि मग मोठ्याने, आणि बापाबद्दल बोलताना थर्झा कॅटरमोलला हसताना आमच्या गावाने त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं.